बुडाली म्हणून वाचली

ब्रिटिश नौदलाने आपली सर्वांत पहिली पाणबुडी ४१० पौंडांना विकून टाकली. महिना ऑक्टोबर, साल १९१३. घेणारी वॉर्ड कंपनी; तिचा धंदा जहाजं तोडून लोखंड विकण्याचा. टगबोट तिला दोर बांधून तोडणीच्या जागी ओढत निघाली. वाटेत प्लिमथच्या बाहेर, एडीस्टोनच्या दीपगृहाजवळ वादळाने गाठलं आणि 'हॉलंड १' ओढता ओढताच बुडाली. आत माणूस नव्हता. नौदलाचे पैसे वसूल झालेले, बुडाले ते भंगारवाल्याचे. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि या बोटीची आठवण काढायला कुणाला सवड राहिली नाही.

तिच्या दृष्टीने हे फार बरं झालं. १९८१ मध्ये ती समुद्राच्या तळाशी सापडली, पुढच्या वर्षी वर काढली गेली, आणि आता इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्टच्या पाणबुडी संग्रहालयात खास तिच्यासाठी बांधलेल्या दालनात ती आहे. वादळ आलं नसतं तर तिच्या पोलादाचे तेव्हाच खिळे झाले असते.

तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणीची, 'यूएसएस हॉलंड'ची, गोष्ट बरोबर उलटी आहे. अमेरिकेच्या नौदलाने ती १९०० च्या एप्रिलमध्ये दीड लाख डॉलर मोजून घेतली. निवृत्तीनंतर तीही १९१३ मध्येच भंगारात निघाली होती, पण लोकांना दाखवायला म्हणून राहिली. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या करमणूक बागेत ती कित्येक वर्षं उभी होती. तिच्याभोवती गर्दी होती आणि तिचं नावही झालं होतं. १९३२ मध्ये ती तोडली.

हे इंग्लंड-अमेरिकेचं पुराण आत्ता कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं कारण माझगावात आहे. भारतात बांधली गेलेली पहिली पाणबुडी 'आयएनएस शाल्की' माझगाव गोदीत तयार झाली आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. आता तिने तिशी ओलांडली आहे. आज ना उद्या ती निवृत्त होणार. त्या दिवशी तिचं काय करायचं हे आजच ठरवावं, आणि ती अख्खी, जमिनीवर, मुंबईतच ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. हे पटवून द्यायला मला हॉलंड १ ची कारकीर्द लागते, कारण त्या कारकिर्दीत मिरवण्यासारखं काहीही नव्हतं.

जॉन फिलिप हॉलंड हा आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात जन्मलेला शाळामास्तर. १८७३ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी शिकवू लागला. त्याच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांना पैसा पुरवला तो फेनियन मंडळींनी, म्हणजे इंग्रजांना आयर्लंडमधून हुसकावू पाहणाऱ्या, अमेरिकेत राहणाऱ्या आयरिश क्रांतिकारकांनी. समोरासमोर इंग्रजांच्या आरमाराला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती, तेव्हा पाण्याखालून जावं हा विचार. १८८१ मध्ये 'फेनियन रॅम' पाण्यात उतरली. पुढे पैशांवरून आपसांत बिनसलं आणि १८८३ मध्ये फेनियनांनीच आपल्या पैशांची ती बोट रातोरात पळवली. पळवल्यावर लक्षात आलं की ती चालवायची कशी हे कुणालाच ठाऊक नाही!

त्याच मास्तरच्या आराखड्यावरून वीस वर्षांनी इंग्रजांनी आपली पहिली पाणबुडी बांधायला घेतली. बॅरो गावातल्या व्हिकर्सच्या गोदीत १९०१ च्या फेब्रुवारीत काम सुरू झालं, तेही चोरून. ज्या शेडमध्ये बोट जुळवली जात होती तिच्यावर 'यॉट शेड' अशी पाटी होती आणि बाहेरच्या कारखान्यातून येणाऱ्या भागांवर 'पाँटून नंबर १' असं लिहिलेलं असे. ही लपवालपवी शत्रूपासून होती तेवढीच स्वतःच्या लाजेपोटीही असावी असं मला वाटतं. लपून मारणारं हत्यार म्हणजे भेकडांचं हत्यार, अशी ब्रिटिश नौदलातल्या बड्या अधिकाऱ्यांची समजूत होती. पकडलेल्या पाणबुडीवरच्या खलाशांना चाचे समजून फासावर चढवावं, हे मत ॲडमिरल आर्थर विल्सन यांच्या नावावर सांगितलं जातं. पण शेजारी फ्रान्स पाणबुड्या बांधत सुटला होता, त्यामुळे स्वस्थ बसणंही शक्य नव्हतं. शत्रूच्या हाती असं यंत्र आलं तर त्याची किंमत काय हे समजून घ्यायला पाच बोटी घेत आहोत, असं सरकारने सांगितलं.

२ ऑक्टोबर १९०१ रोजी हॉलंड १ पाण्यात सोडली. लांबी साडेएकोणीस मीटर. मुंबईतल्या मोठ्या बेस्ट बस दोन, एकीमागे एक उभ्या केल्या तर त्या तिच्याहून लांब भरतील. एवढ्यात आठ माणसं, पुढे टॉर्पेडो सोडायची एक नळी, पाण्याखाली चालण्यासाठी विजेची मोटर आणि तिच्या बॅटऱ्या, आणि पृष्ठभागावर चालण्यासाठी पेट्रोलचं इंजिन. हे सगळं एकाच पोकळीत, मध्ये भिंत नाही. पेट्रोलची वाफ जमली तर माणसांना कळायच्या आधी उंदरांना कळेल, म्हणून बोटीवर पांढरे उंदीर ठेवत. हॉलंडच्या मूळ आराखड्यात पेरिस्कोप नव्हताच. बाहेर बघायचं तर बोटीने क्षणभर वर यायचं, बघायचं आणि पुन्हा बुडी मारायची. तळ्यातली टिबुकली करते तसं. (त्या पक्ष्यालाही आपल्याकडे पाणबुडी म्हणतात, आणि नाव कुणी कुणाचं घेतलं याबद्दल वाद नसावा.) ब्रिटिशांनी पेरिस्कोप बसवला, पण तोही गमतीचा होता. समोर पाहिलं तर जहाज सरळ दिसे, बाजूला पाहिलं तर आडवं पडलेलं आणि मागे पाहिलं तर चक्क उलटं.

१९०३ च्या मार्चमध्ये बोटीत स्फोट होऊन चार जण जखमी झाले. पुढच्या वर्षी, १८ मार्च १९०४ रोजी, हॉलंडच्या पाचही बोटींपेक्षा मोठी, त्यांच्यानंतर बांधलेली 'ए १' सरावाच्या वेळी एका प्रवासी जहाजाखाली सापडली आणि आतली ११ माणसं गेली. पेरिस्कोपातून सगळं लक्ष सरावातल्या 'शत्रू'वर होतं. दुसरीकडून येणारं जहाज कुणी पाहिलंच नाही. त्यानंतर ब्रिटिश पाणबुड्यांच्या मनोऱ्याला खालच्या बाजूने दुसरं झाकण बसवण्यात आलं. मनोरा फुटला तरी पाणी बोटीत शिरू नये म्हणून. अकरा जीव गेल्यावर आलेलं ते एक झाकण, बस.

हॉलंड १ खऱ्या लढाईच्या इराद्याने बंदराबाहेर पडली ती एकदाच. १९०४ च्या ऑक्टोबरात जपानकडे निघालेल्या रशियन आरमाराने उत्तर समुद्रात डॉगर बँकेवर मासे धरणाऱ्या इंग्लिश बोटींना जपानी टॉर्पेडो बोटी समजून त्यांच्यावर तोफा डागल्या. कोळी मेले, देश खवळला. २४ तारखेला पोर्ट्‌स्मथहून हॉलंड बोटी आणि तीन ए वर्गाच्या बोटी रशियनांवर हल्ला करायला निघाल्या. गाठ पडायच्या आधीच त्यांना माघारी बोलावलं. संपलं युद्ध. त्यानंतर नऊ वर्षं नवशिक्यांना शिकवण्यात गेली आणि मग ते ४१० पौंड.

आपल्याकडच्या गौरवाच्या भाषेत या कारकिर्दीवर चार ओळीही लिहिता येणार नाहीत. एकही जहाज बुडवलेलं नाही, एकही पदक नाही. आणि तरी दुसऱ्या कुठल्या युद्धनौकेपेक्षा मला ही बोट जास्त मोलाची वाटते. माणूस नवं यंत्र हातात घेतो तेव्हा त्याला त्यातलं किती कमी कळत असतं याचा हा पुरावा आहे, आणि तो पुरावा आत शिरून पाहता येतो. पाण्याखाली जाणाऱ्या बंद डब्यात पेट्रोलचं इंजिन ठेवायला काय अक्कल लागते, असं आज आपण म्हणू. ज्यांनी ठेवलं ते मूर्ख नव्हते. त्यांना दुसरं काही सुचलेलं नव्हतं. ही गोष्ट कागदावर वाचून एक समज येते, आणि त्या अरुंद पोकळीत वाकून उभं राहिल्यावर दुसरी.

हॉलंड स्वतः १२ ऑगस्ट १९१४ ला वारला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २२ सप्टेंबरला, 'यू-९' या एका जर्मन पाणबुडीने दीड तासात तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. चौदाशेहून जास्त माणसं मेली. ज्या यंत्राला नौदलाने चोरून बांधलं आणि एका शेडच्या किमतीत विकलं ते काय करू शकतं हे असं कळलं.

बोट सापडली तेव्हा सगळं आलबेल झालं असं नाही. माझ्या युक्तिवादाचा निम्मा भार इथे आहे. सत्तर वर्षांच्या आसपास खाऱ्या पाण्यात पडलेल्या लोखंडात मिठातले क्लोराइड मुरलेले असतात. समुद्राच्या तळाशी ते गप्प बसतात. हवा आणि ओल मिळाली की आतूनच खायला सुरुवात करतात. हॉलंड १ वर काढल्यावर तिला गंजरोधक लेप दिले, डागडुजी केली. १९८८ मध्ये काम पूर्ण झालं असं सगळ्यांना वाटलं. १९९३ पर्यंत दिसून आलं की लेपाखाली गंज चालूच आहे. बाहेरून रंगवलेली, आतून पोखरलेली. मग तिच्याभोवती फायबरग्लासची मोठी टाकी बांधली आणि १९९५ मध्ये ती अख्खी सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. इंग्लंडची पहिली पाणबुडी चार वर्षं सोड्याच्या पाण्यात भिजत पडली होती. क्लोराइड निघून गेल्यावर तिला बाहेर काढलं, आणि २००१ मध्ये हवेतली ओल ताब्यात ठेवणाऱ्या नव्या दालनात नेलं.

तिची बहीण 'हॉलंड ५' १९१२ मध्ये अशीच भंगारात नेताना ससेक्सच्या किनाऱ्याजवळ बुडाली होती. तिचं अवशेषस्थळ २००५ पासून कायद्याने संरक्षित आहे. २०१० मध्ये बुडी मारणाऱ्या माणसांनी खाली जाऊन पाहिलं तर टॉर्पेडो नळीचं झाकण कुणीतरी काढून नेलेलं. वस्तू समुद्रात सोडून दिली की ती आपोआप सुरक्षित राहते, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आपल्याकडे येऊ.

'विक्रांत' या विमानवाहू जहाजाबद्दल मराठी माणसाशी बोलताना जपून बोलावं लागतं. मी शाळकरी वयात ती पाहिली आहे. लाँचमधून तिच्या शिडीवर पाय ठेवताना वर पाहिलं आणि पोटात गोळा आला होता, इतकी ती मोठी होती. १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ मध्ये तिच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव हादरवलं, १९९७ मध्ये निवृत्त झाली. पंधरा वर्षं ती मुंबईच्या पाण्यात तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून लोकांसाठी बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना विकली गेली, सर्वोच्च न्यायालयाने तोडायला हरकत नाही म्हटलं आणि मुंबईतल्या दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात तिचे तुकडे झाले. तिच्या धातूतला काही भाग बजाजने मोटारसायकलीत घातला आणि लोकांनी त्या हौसेने घेतल्या.

या सगळ्यावर जो राग निघतो तो २०१४ वर. माझ्या मते चूक झाली ती १९९७ मध्ये. दोनशेहून जास्त मीटर लांबीचं, एकोणीस-वीस हजार टनांचं जहाज खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवायचं, त्याला सुक्या गोदीत घ्यायला नियमित पैसा राखून ठेवायचा नाही, आणि दर निवडणुकीला 'विक्रांत वाचवा' म्हणायचं, या पद्धतीने ती वाचणं शक्यच नव्हतं. २०१४ पर्यंत वाचवायला जे उरलं होतं त्याच्यावर शेकडो कोटी ओतूनही गंजाशी शर्यत लावावी लागली असती. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण न्यायालयाने जे केलं त्याला तेव्हा दुसरा शहाणा पर्याय नव्हता.

'विराट' या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या वेळी आपण तेच पुन्हा केलं, फक्त आकडा मोठा घेतला. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातेत अलंगला तोडायला निघाली. आता त्याच निवतीच्या खडकांजवळ 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची राज्याची योजना आहे. पर्यटनाला ते बरं असेल. प्रवाळ धरेल, मासे राहतील, स्थानिकांना धंदा मिळेल. ते करावं. फक्त त्याला जतन म्हणू नये. गॉस्पोर्टच्या लोकांनी बोट समुद्रातून काढून सोड्यात बुडवली. आपण तरंगती बोट समुद्रात बुडवतो आहोत, आणि शब्द दोन्हीकडे 'संग्रहालय' हाच.

नौदलाची एक परंपरा आहे: जहाज मरत नाही, नव्या जहाजाला जुन्याचं नाव मिळतं. परंपरा सुंदर आहे, पण तिचा एक दुष्परिणाम कुणी बोलत नाही. नाव पुढे चालतं म्हणून जुनं यंत्र गेल्याचं दुःख उरत नाही. भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा इथे, तेव्हाच्या सोव्हिएत संघात, नौदलात आली; आजही तो दिवस पाणबुडी दिन म्हणून साजरा होतो. बोट तुटली, तिचा मनोरा तेवढा विशाखापट्टणमला ठेवला आहे. तिच्या पाठोपाठ आलेल्या 'खंदेरी'चं नाव तर आपल्या अलिबागसमोरच्या दुर्गाचं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून तो बांधून काढला. दुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. नवी खंदेरी २०१९ मध्ये मुंबईतच दाखल झाली. मधली, १९६८ ची खंदेरी, १९७१ च्या युद्धात गस्त घालणारी, ती कुठे आहे असं विचारलं तर उत्तर एकच: नाव आहे ना.

भारताच्या त्या पहिल्या चार पाणबुड्यांतली एकच अख्खी उरली, 'कुरसुरा'. काही वर्षं तिचे भाग काढून दुसऱ्या पाणबुड्यांना लावले गेले होते, नंतर ती पुन्हा उभी केली. २००१ मध्ये निवृत्त झाली आणि विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर तिला समुद्रातून ओढून वाळूवर आणलं. सुमारे साडेपाच कोटी रुपये लागले. ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. ९१ मीटरची पाणबुडी. आत फिरवायला निवृत्त नौसैनिक असतात. टॉर्पेडोच्या शेजारी माणूस झोपायचा कसा, गोडं पाणी मोजून वापरायचा म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकावं. कारवारच्या किनाऱ्यावर 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका अशीच जमिनीवर आहे. दोन्ही ठिकाणी धोरण एक होतं: आकार आवाक्यातला निवडायचा आणि पाण्याबाहेर काढायचा. मामल्लपुरमला 'वागली' पाणबुडी ठेवायचा बेत मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला आणि बारगळला, म्हणजे पाणबुडी आहे एवढ्यावर भागत नाही हेही खरं.

मुंबईत नौदलाचं पश्चिम मुख्यालय, मुंबईत पाणबुड्या बांधणारी गोदी, आणि अख्खी पाणबुडी आत शिरून पाहायची तर मुंबईकराने विशाखापट्टणमची गाडी पकडायची.

शाल्की म्हणूनच. डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला: दोन बोटी कील शहरात बांधायच्या, दोन माझगावात. माझगावातली पहिली शाल्की. पाणबुडीचं कवच जोडणं म्हणजे साधं जहाजाचं काम नव्हे. एका जोडात केसाएवढी फट राहिली तर खोल पाण्याचा दाब तिथूनच आत येणार. हे काम इथल्या वेल्डरांनी, फिटरांनी शिकून केलं. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडत होत्या त्याच वर्षांत, त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला. गिरणगावाच्या त्या दशकावर आपण पुष्कळ लिहिलं, आणि लिहायलाच हवं होतं. गोदीत त्याच वेळी काय घडत होतं ते मात्र आपल्या लेखनात जवळपास नाही.

तिची गोष्ट पुढे बिघडते, आणि मला ती म्हणूनच ठेवायची आहे. करारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले. १९८७ मध्ये संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशी लावली आणि त्याच सुमारास मंत्रिमंडळातून बाहेर पडले. आणखी दोन बोटी बांधायचा विचार सोडून दिला गेला. १९९४ मध्ये 'शंकुल' दाखल झाली आणि माझगावात पाणबुडी बांधणं थांबलं. नव्या पाणबुड्यांचा करार झाला तो २००५ मध्ये, आणि नवी कलवरी आली २०१७ च्या डिसेंबरात. मधल्या काळात ज्यांनी हातांनी हे काम शिकून घेतलं होतं ती माणसं पांगली, निवृत्त झाली. नव्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं. आपण कौशल्य कमावलं कसं आणि घालवलं कसं, दोन्ही एकाच बोटीत दाखवता येईल अशी दुसरी वस्तू मला या देशात सापडत नाही.

अडचणी काढणारे काढतील, काही खऱ्या आहेत. गुपितं बाहेर पडतील म्हणतात. संवेदनशील उपकरणं आधी काढून घेता येतात, कुरसुराच्या बाबतीत देश काही उघडा पडला नाही. त्रिमिती स्कॅन करून पडद्यावर दाखवा म्हणतात. स्कॅन कराच, पण त्यात डिझेलचा वास येत नाही आणि डोकंही कुठे आपटत नाही. पैशाचा प्रश्न सर्वांत रास्त आहे. इथे आकार कामाला येतो. शाल्की ६४ मीटरची आहे, कुरसुरापेक्षा तब्बल पंचवीसेक मीटरने आखूड, आणि विक्रांतच्या तर तिसऱ्या हिश्शाहून कमी. पण हॉलंड १ ची टाकी विसरून चालणार नाही. उद्घाटनाच्या खर्चाएवढाच देखभालीचा निधी पहिल्या दिवशी बाजूला टाकायचा आणि त्याला हात लावायचा नाही, हे जमणार नसेल तर बोट आणूच नये. मुंबईच्या दमट हवेत वाळूवर उघडी ठेवलेली पाणबुडी किती दिवस टिकेल? वर छप्पर हवं, कोरडी हवा हवी, पगारी माणसं हवीत. निवृत्तीनंतर समित्या बसवायच्या म्हणजे विराट झाली. बोट चालू असतानाच जागा ठरली पाहिजे. भाऊच्या धक्क्याच्या आसपास बंदराच्या मालकीची जमीन काय कमी आहे?

आणखी एक आक्षेप मला अस्वस्थ करतो: मारण्याचं यंत्र जपायचं कशाला? मुलांना युद्धाचं कौतुक लावायचं आहे का? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ 'खुकरी' बुडाली ती पाणबुडीनेच. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता तिच्याबरोबर गेले. ती बुडवणारी पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर' आज कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाले आणि १८ जण आतच राहिले. पाणबुडी काय करते आणि तिच्यात बसणाऱ्यांचं काय होऊ शकतं हे दोन्ही त्याच दालनात लिहिलेलं असेल, तर तिथून बाहेर पडणारं पोर टाळ्या वाजवत बाहेर पडणार नाही असा माझा अंदाज आहे. नुसता चबुतरा, तिरंगा आणि 'अभिमान' असं करायचं असेल तर आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मीही उभा राहीन.

शाल्कीच्या जातीच्या बोटींत एक गोष्ट जगात फार थोड्या पाणबुड्यांत आहे. बोट तळाशी अडकली तर सगळ्याच्या सगळ्या सुमारे चाळीस माणसांनी एका पोलादी गोलात जाऊन बसायचं, दार लावून घ्यायचं आणि तो गोल बोटीपासून सुटून वर यायचा. आत काही तासांपुरता प्राणवायू. १९०४ च्या त्या एका झाकणापासून माणूस चालत चालत इथवर आला. मला त्या गोलात एकदा जाऊन बसायचं आहे, चाळीस जण बसल्यावर गुडघे कुणाच्या पाठीला लागतात ते पाहायला.